हरलेल्यांचा पहिला हक्क

4 जून 2012, सोमवार. ह्यूस्टन. रस्त्यावर दमट उकाडा अंगाला चिकटतोय, आणि मैदानाजवळच्या या बारमध्ये एसीने हात गारठलेत. तुम्ही कोपऱ्यातलं स्टूल धरून बसता. भिंतीवरच्या टीव्हीवर सामना नाही. न्यू जर्सीतला एक स्टुडिओ दिसतोय, आणि थोड्याच वेळात बेसबॉलचे कमिशनर बड सीलिग तिथे उभे राहून एका मुलाचं नाव वाचणार आहेत. तेवढं ऐकायला ही माणसं ऑफिस सुटल्यावर घरी न जाता इथे आलीत. डोक्यावर ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजच्या विटकरी रंगाच्या टोप्या.

पुढच्या दहा वर्षांत काय काय घडणार, हे इथे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. अट एवढीच, की तोंड उघडायचं नाही.

गेल्या वर्षी अ‍ॅस्ट्रोज 162 पैकी 106 सामने हरले. शंभराहून जास्त पराभव त्यांच्या इतिहासात पहिल्यांदाच. आणि म्हणूनच आज, नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये), पहिली निवड त्यांची. तुम्हाला आयपीएलच्या लिलावाची सवय असेल, तर ते गणित बाजूला ठेवा. इथे ज्याच्या खिशात पैसा तो पुढे नाही. या काळात जो सर्वांत जास्त हरला, तो पुढे. मुलाला संघ निवडता येत नाही. मोबदला पटला नाही तर कॉलेजात जायचं किंवा परतायचं, आणि पुन्हा नंबर लागायची वाट बघायची. अशी निवड 1965 पासून चालत आलीय.

शेजारच्या टेबलावर आवाज चढलेत: पिचर घ्यायचा, म्हणजे चेंडू टाकणारा, की दुसरा कुणी?

"अ‍ॅपेल घ्या, दुसरा विचारच नको. स्टॅनफर्डचा पिचर आहे, जन्म इथला, ह्यूस्टनचा. दोन वर्षांत आपल्या मैदानावर दिसेल."

"पिचरवर पहिली निवड घालवायची? उद्या कोपर गेलं की सगळं गेलं. तो जॉर्जियाचा बक्स्टन बघ. कसला पळतो!"

"शाळकरी पोरगा आहे तो. त्याला पाच वर्षं लागतील. तोवर आम्ही काय बघायचं, पराभव?"

पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ इतका वेळ गप्प होते. आता ते 1992 ची आठवण काढतात, आणि टेबल शांत होतं. तेव्हाही पहिली निवड ह्यूस्टनचीच होती. हॅल न्यूहाउसर हा जुना नामांकित पिचर क्लबसाठी मुलं हेरायचा. मिशिगनमधल्या कॅलमझू गावच्या एका शाळकरी शॉर्टस्टॉपसाठी (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) तो हट्ट धरून बसला होता. क्लबने ऐकलं नाही. कॉलेजातला तयार बॅटर फिल नेव्हिन घेतला. तो शाळकरी मुलगा सहाव्या क्रमांकावर न्यूयॉर्क यांकीजकडे गेला. त्याचं नाव डेरेक जीटर. न्यूहाउसरने ते काम सोडून दिलं.

"म्हणून सांगतो," ते म्हणतात, "वय बघून घाबरू नका."

सीलिग नाव वाचतात. कार्लोस कोरेया. पोर्तो रिकोचा शॉर्टस्टॉप, वय 17.

टाळ्या पडत नाहीत. "कोण?" असं दोघं-तिघं एकदम विचारतात. त्या बेटावरचा मुलगा सगळ्यांत आधी निवडला जाण्याची ही पहिलीच वेळ आहे, पण ते इथे कुणाच्या मनात नाही. पुढच्या काही दिवसांत आकडा येतो आणि राग आणखी भडकतो: पहिल्या क्रमांकासाठी ठरलेली रक्कम 72 लाख डॉलर, कोरेयाने सही केली 48 लाखांवर. "स्वस्तात पडला म्हणून घेतला," हे वाक्य तुम्हाला शहरभर ऐकू येतं.

पण नियम त्याच वर्षी बदललेत, आणि ते नीट वाचणारा एखादा चाहताही या गर्दीत आहे. क्लबला आता निवडींवरच्या एकूण खर्चाची ठरावीक मर्यादा पाळावी लागते, नाहीतर दंड. एकावर वाचवलेलं दुसऱ्यावर घालता येतं. वाचलेल्या त्या 24 लाखांच्या जोरावर अ‍ॅस्ट्रोजनी 41व्या क्रमांकावर लान्स मॅकलर्स या शाळकरी पिचरला 25 लाख देऊन कॉलेजऐवजी आपल्याकडे वळवलं. पाच वर्षांनी, 21 ऑक्टोबर 2017 ला, यांकीजविरुद्धच्या निर्णायक सामन्यात हाच मॅकलर्स शेवटचे 24 चेंडू लागोपाठ कर्व्हबॉल (वळणारे चेंडू) टाकून संघाला वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम लढतीत, नेईल. ज्या हिशेबाला आज कंजूषपणा म्हणतायत, त्याने त्यांना एकाच्या जागी दोघं दिले. तुम्ही हे सांगू शकत नाही. आणि खरं सांगायचं, तर चिडलेली माणसं मूर्ख नाहीत. दररोज संध्याकाळी पराभव बघणाऱ्याला पाच वर्षं थांब म्हणणं सोपं नसतं.

एका वर्षाने, 6 जून 2013 ला, तुम्ही त्याच बारमध्ये येता. टोप्या आता गडद निळ्या-नारिंगी. मधल्या मोसमात 107 पराभव झालेत, आणि चालू मोसम 111 वर जाऊन थांबेल. पहिली निवड पुन्हा ह्यूस्टनची. मार्क अ‍ॅपेल पुन्हा यादीत आहे: गेल्या वर्षी तो आठव्या क्रमांकापर्यंत घसरला, पिट्सबर्गने देऊ केलेले 38 लाख त्याने नाकारले आणि शिक्षण पूर्ण करायला स्टॅनफर्डला परतला. समोर आहे क्रिस ब्रायंट, सॅन डिएगो विद्यापीठाचा बॅटर, एका मोसमात 31 होमरन मारलेला.

आजचा वाद वेगळाच आहे, जास्त हळवा. ब्रायंटच्या बाजूचे लोक आकडे सांगतात: पिचरचे हात तुटतात, बॅट टिकते. अ‍ॅपेलच्या बाजूचे लोक घराबद्दल बोलतात. एक बाप आपल्या मुलीला सांगतोय की हा आपल्या शहरात जन्मलाय, लहानपणी इथल्याच मैदानांवर खेळलाय. मुलगी दहा-अकरा वर्षांची असेल. अ‍ॅपेलचं नाव येतं आणि या वेळी बार उठून उभा राहतो. ती मुलगी बापाच्या खांद्यावर बसून टाळ्या वाजवते.

इथे गप्प बसणं सर्वांत अवघड जातं. ब्रायंट दुसऱ्या क्रमांकावर शिकागो कब्जकडे जातो. 2015 चा सर्वोत्तम नवखा, 2016 चा सर्वांत मौल्यवान खेळाडू, आणि त्याच वर्षी 1908 नंतरचं कब्जचं पहिलं विजेतेपद. अ‍ॅपेलचं अपेंडिक्सचं ऑपरेशन होईल, कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टरला, क्लबच्या मायनर लीग (खालच्या पातळीवरच्या) संघाच्या वाऱ्याच्या मैदानावर, बॅटर त्याला झोडपून काढतील, आणि या शहरात त्याचं नाव शिवीसारखं वापरलं जाईल. 2015 च्या डिसेंबरमध्ये क्लब त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकेल. आकडे सांगणारे लोक बरोबर होते, हे मी मान्य करतो. पण 21 वर्षांच्या मुलाने स्वतःला पहिलं निवडून घेतलं नव्हतं. निवड क्लबने केली आणि टाळ्या या बारने वाजवल्या. नंतर त्याला जे ऐकवलं गेलं, ते अन्यायाचं होतं.

2014 ला लागोपाठ तिसऱ्यांदा पहिली निवड, जे आधी कुठल्याच संघाला मिळालं नव्हतं. सॅन डिएगोचा डावखुरा शाळकरी पिचर ब्रेडी एकेन. 65 लाखांवर बोलणं झालं, मग वैद्यकीय तपासणीत कोपराच्या अस्थिबंधाविषयी शंका आली, क्लबने रक्कम उतरवली, आणि 18 जुलैची मुदत सहीविना टळली. त्याच दिवशी जेकब निक्स नावाच्या दुसऱ्या मुलाचा ठरलेला करारही बुडाला, त्याचा काहीही दोष नसताना. एकेनची सही नाही, म्हणजे त्याच्या वाट्याची रक्कमही मर्यादेतून वजा, आणि निक्ससाठी ठेवलेली जागाही गेली. शहर क्लबवर तुटून पडलं. पुढच्या मार्चमध्ये एकेनच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली तेव्हा तेच आवाज खाली आले. एकेन न आल्याची भरपाई म्हणून मिळालेल्या 2015 च्या दुसऱ्या क्रमांकावर अ‍ॅलेक्स ब्रेगमन आला. निक्सचं काय, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

1 नोव्हेंबर 2017 ला लॉस एंजेलिसमध्ये अ‍ॅस्ट्रोज वर्ल्ड सिरीज जिंकतात. शॉर्टस्टॉपला कोरेया, तिसऱ्या बेसवर ब्रेगमन. बारमध्ये अनोळखी माणसं तुम्हाला मिठ्या मारतायत. पांढऱ्या मिशांचे ते गृहस्थ रडतायत. त्यांना तुम्ही आज काय सांगणार? की त्याच मोसमात संघाने कॅमेऱ्यातून प्रतिस्पर्धी कॅचर आपल्या पिचरला करतो त्या खुणा चोरल्या आणि कचऱ्याचा डबा बडवून बॅटरला इशारे दिले, हे दोन वर्षांनी उघड होईल? जानेवारी 2020 मध्ये कमिशनर रॉब मॅनफ्रेड 50 लाख डॉलर दंड ठोठावतील, आणि वर 2020 व 2021 च्या पहिल्या-दुसऱ्या फेरीतल्या निवडी काढून घेतील. 2011 पासून शेकडो पराभव सोसून या लोकांनी जो हक्क कमावला, तशाच चार निवडी त्यांच्याच जिंकलेल्या संघाने घालवल्या. विजेतेपद कागदावर राहिलं, पण मला ते निर्मळ वाटत नाही.

आता शेवटचा मुक्काम: 29 जून 2022, फिलाडेल्फिया. समोर अटलांटा, यजमान मागे आहेत, आणि लोक निघायला लागलेत. तुम्ही बसून राहा. नवव्या डावात यजमानांचा जो पिचर चेंडू टाकायला येतोय, तो 2018 मध्ये खेळ सोडून गेला होता आणि 2021 मध्ये मायनर लीगमध्ये परतला. वय 30. मेजर लीगमधला हा त्याचा पहिलाच सामना, पहिल्या क्रमांकावर निवडला गेल्यानंतर नऊ वर्षांनी.

मार्क अ‍ॅपेलने त्या डावात एकही धाव दिली नाही. मेजर लीगमध्ये तो एकूण 6 सामने खेळला.