ग्रंथपेटी आणि जादूचा कंदील

आज सुरत शहरात सामावलेले कतारगाम पूर्वी इंग्रजी मुलखात होते. जवळचाच, तापीकाठचा कामरेज तालुका मात्र बडोदे संस्थानात. सुरतेत १८५० सालीच अँड्र्यूज ग्रंथालय स्थापन झाले. परंतु त्याचा लाभ मुख्यत्वे शहरातील साक्षरांना. खेड्यातील निरक्षराचे काय, या प्रश्नाला बडोद्याने ठोस उत्तर दिले.

१९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. त्या शिक्षणाला वाचनाची जोड हवी, हे ओळखून सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना पाचारण केले. ग्रंथांच्या फिरत्या पेट्या गावोगावी विनामूल्य जाऊ लागल्या. १९१३ नंतर ही धुरा जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी वाहिली. खात्याची दृश्य शिक्षण शाखा जादूचा कंदील व चलच्चित्रे घेऊन ग्रामस्थांपुढे जाई. अक्षरओळख नसलेल्यासही ज्ञानाचा अधिकार आहे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले.

तथापि काय दाखवावयाचे, ही निवड सरकारी खात्याचीच होती. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला, तेव्हा प्रश्न एक पाऊल पुढे गेला. पाहावयास मिळणे हा पहिला हक्क. पाहिलेले पारखणे आणि स्वतःचे म्हणणे मांडता येणे, हा दुसरा. पहिल्याची पायवाट ग्रंथपेटीने घातली. दुसऱ्याचे उत्तरदायित्व आजच्या ग्रंथालयांवर आहे.