विधेयक मुंबईत मांडलं जातं, मग जव्हार-मोखाड्यातून त्यावर लक्ष कसं ठेवायचं?

१० जुलै २०२५. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं. सभागृहात त्याला स्पष्ट विरोध नोंदवणारे आमदार एकच होते, माकपचे विनोद निकोले. त्यांचा मतदारसंघ डहाणू, म्हणजे जव्हारच्या शेजारचा. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला आणि तिथेही विधेयक मंजूर झालं.

त्यानंतर सोशल मीडियावर पोस्टचा पूर आला. 'हा कायदा रद्द करा' असं म्हणणारे होते, 'हा कायदा हवाच होता' असं म्हणणारेही होते. पण सामान्य माणसाला या विधेयकावर अधिकृतपणे मत नोंदवण्याची मुदत त्याआधी तीन महिन्यांपूर्वीच संपली होती.

बहुतेक कायद्यांच्या बाबतीत असंच होतं. बातमी मतदानाच्या दिवशी येते आणि बोलण्याची वेळ त्याआधी निघून गेलेली असते. ही वेळ नेमकी कधी असते? आणि जव्हार, मोखाडा यांसारख्या अनुसूचित क्षेत्रातल्या तालुक्यांसाठी कायद्याचा प्रवास वेगळा का असतो? समजून घेऊया.

विधेयकाचा कायदा कसा होतो?

महाराष्ट्र विधिमंडळाची दोन सभागृहं आहेत. विधानसभेत २८८ सदस्य आहेत आणि विधान परिषदेत ७८. वर्षात साधारण तीन अधिवेशनं होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत होतं, हिवाळी अधिवेशन नागपुरात.

सरकार विधेयक सभागृहात मांडतं, याला 'पुरःस्थापित करणं' म्हणतात. मग त्यावर चर्चा होते, एकेका कलमाचा विचार होतो आणि मतदान होतं. एका सभागृहाने मंजूर केलं की ते दुसऱ्याकडे जातं. दोन्हीकडे मंजूर झालं की राज्यपालांकडे. राज्यपाल संमती देऊ शकतात, अर्थविषयक विधेयक नसेल तर फेरविचारासाठी परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात.

म्हणजे 'विधेयक मंजूर' आणि 'कायदा लागू' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महिला अत्याचारांविरोधातलं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. ते राष्ट्रपतींकडे गेलं, संमती मिळाली नाही आणि कायदा झाला नाही. 'शक्ती कायदा लागू झाला' असे मेसेज मात्र फिरत राहिले.

लोकांना बोलायची संधी कुठे मिळते?

सगळ्या विधेयकांत अशी संधी मिळत नाही. काही विधेयकं मांडल्यावर एक-दोन दिवसांतच मंजूर होतात. पण विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, तर समिती लोकांकडून सूचना मागवू शकते.

जनसुरक्षा विधेयकाचं तेच झालं. ते पहिल्यांदा जुलै २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात मांडलं गेलं. मंजूर होण्याआधीच त्या विधानसभेची मुदत संपली आणि विधेयक बारगळलं. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात ते पुन्हा मांडलं गेलं आणि संयुक्त समितीकडे पाठवलं गेलं. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे या समितीचे अध्यक्ष होते. समितीने नागरिक आणि संघटनांना १ एप्रिल २०२५ पर्यंत सूचना पाठवायला सांगितलं. १२ हजारांहून अधिक सूचना आल्या.

त्याने काय बदललं? विधेयक मागे घेतलं गेलं नाही, पण समितीने तीन बदल सुचवले आणि ते स्वीकारले गेले.

- मूळ मसुद्यात व्यक्ती आणि संघटना अशी ढोबळ भाषा होती. त्याऐवजी कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशा संघटना, असा रोख स्पष्ट केला गेला.
- सल्लागार मंडळाच्या अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश असतील, असं ठरलं.
- तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे दिला गेला.

हे बदल पुरेसे नाहीत, असं विरोधकांचं म्हणणं आहे. जमीन आणि जंगलाच्या हक्कासाठी चालणाऱ्या आंदोलनांवरही हा कायदा वापरला जाऊ शकतो, अशी भीती त्यांनी मांडली. कायदा नक्षलवादाविरोधात आहे, आंदोलनांविरोधात नाही, असं सरकारचं म्हणणं आहे. बाजू कोणतीही घ्या, मजकुरात जो काही बदल झाला तो समितीच्या टप्प्यावर झाला. मतदानाच्या दिवशी झाला नाही.

जव्हार-मोखाड्याची अडचण काय?

अंतर ही पहिली अडचण. इथून मुंबई गाठायला दिवस मोडतो आणि नागपूर तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला. अनेक पाड्यांवर मोबाइलला धड रेंज नसते.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. या दोन तालुक्यांतली अनेक कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात. वसई, भिवंडी, ठाणे ही त्यांची नेहमीची ठिकाणं. हिवाळी अधिवेशन डिसेंबरमध्ये असतं, अर्थसंकल्पी अधिवेशन मार्चच्या आसपास. म्हणजे तीनपैकी दोन अधिवेशनं होतात तेव्हा गावातली बरीच माणसं गावात नसतात. पावसाळी अधिवेशनाला माणसं घरी असतात, पण तेव्हा भाताची आवणी चालू असते. जनसुरक्षा विधेयकावरच्या सूचनांची १ एप्रिलची मुदतही वीटभट्टीच्या हंगामातच आली होती.

त्यामुळे इथे प्रत्येकाने विधिमंडळावर लक्ष ठेवणं शक्य नाही. गावातल्या दोघा-तिघांनी ते काम अंगावर घेतलं आणि बाकीच्यांपर्यंत सोप्या भाषेत पोहोचवलं, तर मात्र जमू शकतं.

अनुसूचित क्षेत्रात वेगळं काय आहे?

महाराष्ट्रातल्या १३ जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे. पालघर त्यातला एक जिल्हा आणि जव्हार, मोखाडा हे तालुके या क्षेत्रात येतात. इथे संविधानाची पाचवी अनुसूची लागू होते.

या अनुसूचीनुसार राज्यपालांना एक खास अधिकार आहे. संसदेचा किंवा विधिमंडळाचा एखादा कायदा अनुसूचित क्षेत्रात लागू होणार नाही किंवा काही बदलांसह लागू होईल, असा आदेश ते अधिसूचना काढून देऊ शकतात. त्यासाठी विधेयक लागत नाही. सभागृहात चर्चा लागत नाही, मतदानही लागत नाही.

हा अधिकार लोकांच्या बाजूने वापरता येतो. ९ जून २०१४ च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक यांसारखी पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखून ठेवली. ही भरती पुढे न्यायालयीन वादात अडकली. त्यासाठी आणि इतर मागण्यांसाठी ४ ऑक्टोबर २०२४ रोजी तेव्हाचे विधानसभा उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आदिवासी लोकप्रतिनिधींनी मंत्रालयाच्या संरक्षक जाळीवर उड्या मारल्या होत्या. त्यात पालघरचे खासदार हेमंत सवराही होते.

पण हाच अधिकार उलट दिशेनेही वापरला जाऊ शकतो. अनुसूचित क्षेत्रात आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरणासाठी ग्रामसभेची मंजुरी लागेल, अशी तरतूद होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने महत्त्वाच्या सरकारी प्रकल्पांसाठी या अटीतून सूट दिली. ज्यांनी फक्त अधिवेशनाच्या बातम्या पाहिल्या, त्यांना हा बदल दिसला नसेल, कारण तो राजपत्रात छापून आला.

सध्याचं उदाहरण: जमीन भाडेपट्ट्याने देण्याचा प्रश्न

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं कलम ३६अ १९७४ पासून आदिवासींच्या जमिनीचं संरक्षण करतं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला पाच वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने किंवा गहाण द्यायची असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. विक्री, बक्षीस किंवा जास्त मुदतीचा भाडेपट्टा असेल, तर राज्य सरकारची मान्यताही लागते.

सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्री बावनकुळे यांनी गडचिरोलीत एक घोषणा केली. आदिवासी शेतकऱ्यांना आपली जमीन खासगी व्यक्ती किंवा कंपनीला थेट भाडेपट्ट्याने देता येईल, असा कायदा आणू, असं ते म्हणाले. एकरी वर्षाला किमान ५० हजार रुपये भाडं मिळेल, असंही त्यांनी सांगितलं. पडीक जमिनीतून उत्पन्न मिळेल, असा सरकारचा मुद्दा होता. भाडेपट्ट्याच्या नावाखाली जमीन कायमची हातची जाईल, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला.

घोषणा म्हणजे विधेयक नव्हे. असा बदल तीन मार्गांनी येऊ शकतो. अधिवेशनात विधेयक मांडून, अधिवेशन चालू नसताना अध्यादेश काढून किंवा अनुसूचित क्षेत्रापुरती राज्यपालांची अधिसूचना काढून. त्यामुळे अशा विषयात विधिमंडळ आणि राजपत्र, दोन्हीकडे पाहावं लागतं.

विधेयक हातात आलं की काय वाचायचं?

विधेयकं विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत मिळतात. भाषा जड असते, पण सुरुवात तीन ठिकाणांपासून करता येते.

- उद्देश व कारणे यांचे निवेदन: शेवटी असतं. सरकारला हा कायदा का हवा आहे, ते एका-दोन पानांत कळतं.
- व्याख्या: कायदा कोणाला लागू होणार, हे इथे ठरतं. जनसुरक्षा विधेयकावरचा मोठा वाद व्याख्येचाच होता.
- नियम करण्याचा अधिकार: कोणत्या गोष्टी सरकार नंतर स्वतःच्या अधिकारात ठरवणार, ते यातून कळतं.

आणि कायम विचारायचा एक प्रश्न: अनुसूचित क्षेत्र, पेसा किंवा ग्रामसभा यांचा उल्लेख विधेयकात आहे का?

मत कोणाकडे आणि कसं मांडायचं?

समितीकडे: सूचना लेखी पाठवा. 'हे विधेयक वाईट आहे' एवढ्यावर न थांबता कलम क्रमांक, त्यावरचा आक्षेप आणि त्याऐवजी कोणते शब्द हवेत, हे लिहा. पाठवल्याची पोच जपून ठेवा.

आमदाराकडे: जव्हार आणि मोखाडा हे विक्रमगड या अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघात येतात. आमदार तारांकित प्रश्न विचारू शकतात, लक्षवेधी सूचना देऊ शकतात, विधेयकाला दुरुस्ती सुचवू शकतात. त्यांची भेट अधिवेशन सुरू होण्याआधी घेतलेली बरी.

ग्रामसभेत: पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत. आदिवासींची जमीन बेकायदा दुसऱ्याकडे जाऊ नये यासाठी पावलं उचलण्याचा अधिकार त्यात येतो. राज्याच्या कायद्यावरचा ठराव सरकारवर बंधनकारक नसतो. पण सह्या आणि तारखेसह केलेला ठराव ही गावाच्या मताची अधिकृत नोंद असते. तो समितीला, आमदाराला आणि राज्यपालांनाही पाठवता येतो.

जनजाती सल्लागार परिषदेकडे: पाचव्या अनुसूचीनुसार स्थापन होणाऱ्या या परिषदेत जास्तीत जास्त २० सदस्य असतात. त्यातले साधारण तीन-चतुर्थांश अनुसूचित जमातींचे आमदार असतात. निवेदन या आमदारांना देता येतं.

आश्वासन मिळालं की संपलं का?

मार्च २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीहून शेतकरी आणि आदिवासींचा लाँग मार्च मुंबईकडे निघाला. तेव्हा अर्थसंकल्पी अधिवेशन चालू होतं. मोर्चा ठाणे जिल्ह्यातल्या वासिंदला थांबला. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात निवेदन केलं, त्यानंतरच मोर्चा मागे घेतला गेला.

आंदोलकांनी सभागृहातल्या निवेदनाचा आग्रह का धरला असेल? मंत्री बाहेर जे बोलतात ते बातमीत राहतं. सभागृहात जे बोलतात ते कामकाजात नोंदवलं जातं. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासनं पाळली जातात का, हे तपासण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते. आश्वासन कोणत्या तारखेला, कोणत्या सभागृहात मिळालं, हे लिहून ठेवलं तर पुढच्या अधिवेशनात आमदारामार्फत त्याबद्दल विचारता येतं.

गावापुरती सोपी पद्धत

- अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की गावात आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळवा. कामासाठी बाहेर असलेल्यांनाही त्याच ग्रुपमध्ये घ्या.
- अधिवेशन काळात रोजचा कामकाजाचा क्रम पाहा. जमीन, जंगल, पाणी, पंचायत, शिक्षण, रोजगार या विषयांची विधेयकं वेगळी काढा.
- विधेयक समितीकडे गेलं तर सूचनांची शेवटची तारीख सगळ्यात आधी शोधा.
- अधिवेशन संपल्यावरही आठवड्यातून एकदा राजपत्र पाहा.
- 'कायदा झाला' असा मेसेज पुढे पाठवण्याआधी विधेयक मांडलं गेलं आहे, मंजूर झालं आहे, की राज्यपालांच्या संमतीनंतर राजपत्रात आलं आहे, हे तपासा.

यातल्या कोणत्याही कामासाठी वकील लागत नाही. एक फोन, एक वही आणि वेळेवर केलेला ग्रामसभेचा ठराव, एवढ्यावर सुरुवात करता येते.