बुरशीचा गुन्हा, रोग्याच्या माथी

तान्ह्या बाळाच्या जिभेवरचा पांढरा थर दुधाचा असेल तर सहज पुसला जातो. बुरशीचा असेल तर खरवडावा लागतो आणि खाली लालबुंद, कधी रक्ताळलेले अस्तर दिसते. १८३९ मध्ये लांगेनबेक या डॉक्टरला तापाच्या एका रुग्णाच्या अन्ननलिकेत अशी बुरशी आढळली. पुढच्या काही वर्षांत पॅरिसमध्ये ग्रुबीने आणि स्टॉकहोममध्ये बेर्गने ती बाळांच्या तोंडातही दाखवली. बेर्गने तर निरोगी बाळांना ती लावून रोग उठवला. आज असा प्रयोग करायला कुणी धजणार नाही. गुन्हेगार असा लवकर हाती लागला, पण गुन्ह्याची रीत उलगडायला २०१६ साल उजाडले. हा उशीर केवळ साधनांअभावी झाला असे मला वाटत नाही. हा अशक्तांचा रोग, दोष रोग्याच्या शरीराचा, असे एकदा ठरल्यावर बुरशीकडे स्वतःचे काही हत्यार असेल का, हा प्रश्नच मागे पडला.

या समजुतीला आधार होता. ही बुरशी, म्हणजे कॅन्डिडा, अनेक निरोगी माणसांच्या तोंडात निमूट राहते, आणि प्रतिजैविकांनंतर किंवा एड्समध्ये उसळते. १९९७ च्या प्रयोगात तंतू, म्हणजे लांब धागे, न काढू शकणाऱ्या बुरशीने उंदीर दगावले नाहीत, तेव्हा लक्ष तंतूंवर गेले; ते पेशींत घुसून त्या फाडत असावेत, असा तर्क सोपा होता. लंडन आणि येना इथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये तो अपुरा ठरवला. तंतू वाढताना ३१ अमिनो आम्लांचे एक विष स्रवते, कॅन्डिडालायसिन. ते अस्तराच्या पेशीचे आवरण भेदते, कॅल्शियम आत शिरते आणि पेशीतला ऐवज बाहेर गळतो. या विषाचा जनुक काढून टाकला तरी बुरशी तंतू काढते, पेशीत शिरतेही. पेशी मात्र शाबूत राहते. म्हणजे शिरणे वेगळे, मारणे वेगळे.

मग सगळेच आजारी का पडत नाहीत? कारण विष तंतूरूपातच बनते, निमूट राहणाऱ्या रूपात नाही, आणि थोडेसे सुटले तर अस्तराच्या पेशीच ते ओळखून पांढऱ्या पेशींना हाक घालतात. बहुतेकदा तेवढ्यावर भागते. योनीमार्गात मात्र हीच हाक महागात पडते: आलेल्या पांढऱ्या पेशी बुरशी हटवू शकत नाहीत, उलट आग आणि सूज त्यांच्यामुळेच वाढते. दर चार स्त्रियांपैकी सुमारे तिघींना आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो, आणि त्यांतल्या बहुतेक एरवी धडधाकट असतात. ‘अशक्तांचा रोग’ हे निदान त्यांना कधीच लागू पडत नव्हते.