इंग्रजी शब्दसंग्रहाचे अध्ययन (सातारा व सांगली जिल्हे)

इंग्रजी शब्दसंग्रहाचे अध्ययन म्हणजे पाठ्यपुस्तकापलीकडील, विशेषतः ग्रीक व लॅटिन मुळांचे इंग्रजी शब्द अर्थासह आत्मसात करणे होय. सातारा व सांगली जिल्ह्यांतील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना त्याची निकड दहावीनंतर जाणवते. अकरावी विज्ञान शाखेचे अध्यापन इंग्रजीतून होते आणि ‘प्रकाशसंश्लेषण’ उत्तम जाणणाऱ्या विद्यार्थ्यालाही ‘फोटोसिंथेसिस’ अनोळखी वाटते.

पार्श्वभूमी

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले (ता. कराड) येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्याच वर्षी सांगलीत डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले. मराठी शाळांत इंग्रजी दीर्घकाळ पाचवीपासून शिकवले जाई. २००० सालापासून ते पहिलीपासून शिकवले जाऊ लागले.

परिभाषासंग्रह

मराठी विश्वकोशाचे कार्य सातारा जिल्ह्यातील वाई येथून चालते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते. विश्वकोशाचा अठरावा खंड म्हणजे इंग्रजी संज्ञा व त्यांचे मराठी पर्याय देणारा परिभाषासंग्रह होय. लेखनापूर्वी परिभाषा निश्चित होणे आवश्यक असल्याने तो पहिल्या खंडाच्याही आधी प्रसिद्ध झाला. मराठीतून इंग्रजीकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यासही तो तितकाच उपयुक्त आहे, जरी त्याचा असा उपयोग फारसा केला जात नाही.

अध्ययनपद्धती

सर्वाधिक प्रचलित पद्धत म्हणजे वहीत एका इंग्रजी शब्दासमोर एक मराठी अर्थ लिहून तो पाठ करणे. स्पर्धा परीक्षांच्या तयारीतही हीच रीत आढळते. तिची मर्यादा ‘ॲक्यूट’ या शब्दावरून स्पष्ट होते. वेदनेसंबंधी त्याचा अर्थ ‘तीव्र’ होतो, परंतु भूमितीतील ‘ॲक्यूट अँगल’ म्हणजे लघुकोन. तर आजाराच्या संदर्भात अचानक उद्भवलेला व अल्पकाळ टिकणारा असा अर्थ अभिप्रेत असतो. केवळ ‘तीव्र’ एवढेच पाठ केलेला विद्यार्थी येथे हमखास अडखळतो. ‘सेन्सिबल’ (समंजस) व ‘सेन्सिटिव्ह’ (संवेदनशील) यांची गल्लतही अशीच होते. त्यामुळे शब्द वाक्यासह टिपून ठेवणे अधिक हितावह ठरते.

दुसरी पद्धत धातू व उपसर्गांवरून अर्थ लावण्याची आहे. संस्कृतचा परिचय असलेल्या मराठी विद्यार्थ्याला ती विशेष सुलभ वाटते, कारण ‘डेन्टल’मधील दंत, ‘नेव्हल’मधील नौ आणि ‘ट्रायपॉड’मधील त्रिपाद त्याला सहज ओळखू येतात. मात्र प्रत्येक ध्वनिसाम्य हे नाते नसते. कधी ती उसनवारी असते. ‘माँगूज’ हा इंग्रजी शब्द तर मराठी मुंगसावरूनच आलेला आहे.