परतीची वायर

पनवेलकरांना ट्रेलरचं काही अप्रूप नाही. १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झालं, तेव्हापासून कळंबोलीच्या बाजूला कंटेनरची वर्दळ चालूच आहे. पण रात्री पुढच्या ट्रेलरचे मागचे दिवे बंद असतील तर? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ म्हणतात की मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. ताशी ८० च्या वेगात १५५ मीटर म्हणजे जेमतेम सात सेकंद. दिवा नसेल तर तेवढेही मिळत नाहीत.

हेच दुखणं आपल्या कारमागे छोटा ट्रेलर जोडला की आपल्याही दारात येतं. डावा इंडिकेटर द्यावा, तर ब्रेकचा दिवा मंद लुकलुकतो. ब्रेक दाबावा, तर भलतंच काहीतरी पेटतं. बल्ब बदलून झाले, फ्यूज बदलून झाले, फरक शून्य! याचं मूळ शोधायला थोडं मागे जावं लागतं.

१८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता खुला झाला आणि पनवेलहून पुण्याकडे गाड्या घाट चढू लागल्या. बैलगाडीखाली टांगलेला कंदील स्वतःचं तेल स्वतःच वागवतो. एक कंदील विझला म्हणून दुसरा बिघडत नाही. विजेचं तसं नाही. तिला जायला वाट लागते, तशी परत यायलाही लागते. म्हणजे प्रत्येक दिव्याला दोन तारा.

दुसरी तार वाचवायची युक्ती आली तारायंत्रातून. १८३८ मध्ये जर्मनीत कार्ल श्टाइनहाइल रेल्वेचे रूळच तारा म्हणून वापरता येतात का, ते बघत होते. ते जमलं नाही, पण त्यातून कळलं की परतीचं काम जमीनच करते, एकच तार पुरते. केवढं तांबं आणि लोखंड वाचलं! पुढे मोटारीत तीच कल्पना दिसते. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचे दिवे आणि स्टार्टर दोन्ही आले. हळूहळू सगळ्याच गाड्यांत वीज आली आणि जमिनीची जागा घेतली लोखंडी बॉडीने. बॅटरीचं एक टोक बॉडीला जोडायचं, की प्रत्येक दिव्याला एकच वायर बस्स. यालाच आपण अर्थिंग म्हणतो.

इथपर्यंत सगळं झकास. पण ट्रेलर म्हणजे दुसरी बॉडी! दोघांमध्ये काय, तर हुकचा गोळा, तोही ग्रीस लावलेला. म्हणून कारच्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये (मानक आयएसओ १७२४) तीन नंबरची पिन फक्त परतीसाठी ठेवली आहे. पांढरी वायर, खूण ३१.

ही वायर गंजली किंवा तुटली की खरी गंमत होते. इंडिकेटरचा करंट ट्रेलरच्या दिव्यांपर्यंत पोचतो, पण परतीची वाट बंद. मग तो शेजारच्या ब्रेकच्या बल्बमधून उलटा घुसतो, ब्रेकच्या वायरीने कारमध्ये येतो आणि कारच्या ब्रेकलाइटमधून बॉडी गाठतो. म्हणून भलतेच दिवे, तेही मंद. कधीकधी हुकचा गोळाच अर्थिंगचं काम करतो, त्यामुळे उभ्या गाडीत सगळं ठीक दिसतं आणि पहिल्या खड्ड्यात दिवे गुल. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही मॉड्यूल एकेकटे पास, जोडले की नापास :)

तपासणी सोपी आहे. एक जाड वायर घ्या. एक टोक ट्रेलरच्या सांगाड्यावर, रंग खरवडून उघड्या केलेल्या लोखंडाला. दुसरं कारच्या बॅटरीच्या निगेटिव्हला. दिवे ठिकाणावर आले, तर दोषी अर्थिंगच. मग पिन घासून साफ करा, पांढरी वायर दोन्ही टोकांना तपासा, आणि मगच बल्बकडे वळा. एकावेळी एकच दिवा नको, इंडिकेटर, ब्रेक आणि टेललाइट एकत्र लावून बघा. अर्थिंगचा घोळ तेव्हाच उघड होतो. आणि हुकच्या भरवशावर तर अजिबात राहू नका.

आपल्याला पुढचे दिवे रस्ता दाखवतात, म्हणून त्यांची काळजी आपसूक घेतली जाते. मागचे दिवे बघतो तो मागून येणारा. ते गेले तर आपल्याला कळतच नाही. घाट चढण्याआधी दोन मिनिटं उतरून मागे चक्कर मारा, बस्स.