तारण : विश्वास आणि सत्कर्मे

पाप व त्याच्या परिणामांपासून देवाच्या कृपेने होणारी मानवाची सुटका म्हणजे ख्रिस्ती धर्मातील तारण. ते केवळ विश्वासाने मिळते की सत्कर्मेही लागतात, या वादाचे मूळ ‘नव्या करारा’तच आहे. पौलाच्या मते मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो (रोमकरांस पत्र ३:२८). याकोब नुसता विश्वास पुरेसा मानत नाही (याकोबाचे पत्र २:२४). मार्टिन ल्यूथरने पौलावर भर दिला (पाहा : धर्मसुधारणा), तर रोमन कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये ‘केवळ विश्वास’ हे सूत्र नाकारले.

तरीही ‘विश्वास की कर्म’ ही मांडणी ढोबळच. ट्रेंटनेही तारणाचा आरंभ कृपेत मानला आणि ल्यूथरने सत्कर्मे टाकून दिली नाहीत. मतभेद कर्मांच्या स्थानाबद्दल आहे : ती नीतिमत्त्वात भर घालतात की केवळ त्याचे फळ असतात? या दुसऱ्या भूमिकेचे उदाहरण खानदेशात दिसते : जळगाव-भुसावळकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही संस्था आणि धुळे-नंदुरबारकडे स्वीडिश मिशनरी यांनी काम केले, दोघेही ‘केवळ विश्वास’ शिकवणारे. तरी नंदुरबारकडील चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय याच इव्हँजेलिकल परंपरेतले. कर्माने तारण नाही तर ही खटपट कशासाठी, या आक्षेपाला त्यांच्या सिद्धांतातच उत्तर आहे : सेवा ही कमाई नव्हे, कृतज्ञता. अशा विश्वासाने नैतिक शैथिल्य येते, हा कॅथलिक आक्षेप मात्र इतक्या सहज निकालात निघत नाही, याकोबाचा रोखही तिकडेच आहे (पाहा : कर्ममार्ग, भक्तिमार्ग).

ल्यूथरन जागतिक महासंघ व रोमन कॅथलिक चर्च यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्क येथे या विषयावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्टांनीही त्याला संमती दिली.