लाळेतील प्रतिपिंडे

लाळेतील प्रतिपिंडे : सूक्ष्मजंतू व त्यांची विषे ओळखून त्यांना निष्प्रभ करणारी लाळेतील प्रथिने. प्रौढ व्यक्तीच्या तोंडात दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. तिच्यात आयजीए, आयजीजी व आयजीएम या वर्गांची प्रतिपिंडे आढळतात; पैकी आयजीए सर्वांत अधिक असते.

उगम : लाळेतील बहुतेक आयजीए रक्तातून येत नाही. लाळग्रंथींतील प्लाझ्मा पेशी ते जागच्या जागी तयार करतात. त्याचे दोन रेणू ‘जे’ साखळीने जोडले जातात. ग्रंथीच्या अस्तरपेशींवरील ग्राही ही जोडी पेशीतून पार नेतो आणि त्याचा एक तुकडा तिला चिकटूनच लाळेत उतरतो. या तुकड्यामुळे प्रथिने पचवणाऱ्या विकरांपुढे स्रावी आयजीए टिकाव धरते. टॉमस टोमासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये त्याची ही वेगळी घडण वर्णन केली. आयजीजीची वाट निराळी आहे. ते मुख्यतः रक्तातून, दात व हिरडी यांमधील खाचेत पाझरणाऱ्या द्रवावाटे तोंडात येते.

कार्य : स्रावी आयजीए जंतूंचे पुंजके बांधते. असे पुंजके दाताला किंवा श्लेष्मकलेला चिकटण्याऐवजी लाळेबरोबर गिळले जातात. काही जंतूंनी यावर तोड काढली आहे; स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिस हा आयजीए-१ चा रेणू बिजागरीपाशी तोडणारे विकर स्रवतो.

संसर्गातील बदल : पायोरियात खाचेतील पाझर वाढतो. त्यामुळे लाळेत आयजीजी वाढू शकते व पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारख्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात. गालगुंडात विषाणूविरोधी आयजीएम दिसते. ब्रिटनमध्ये १९९४ पासून गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या संशयित रुग्णांची खातरजमा तोंडातील द्रव तपासून केली जाते. किडलेल्या दाढेतून गालात किंवा जबड्याखाली पू पसरला, की एकूण आयजीएचे माप फसवे ठरू शकते. रुग्णाचे तोंड नीट उघडत नाही, पाणीही पोटात जात नाही आणि लाळ आटते. अशा लाळेत आयजीए अधिक दाट दिसते. त्यावरून त्याची निर्मिती वाढली असे म्हणता येत नाही.

नमुना व मापन : तपासणीपूर्वी खाणेपिणे थांबवून साध्या पाण्याने चूळ भरतात. थोड्या वेळाने रुग्ण मान खाली घालून लाळ आपसूक नळीत ओघळू देतो. नळी बर्फात ठेवतात आणि गाळ खाली बसवून वरचा द्रव एलायझा पद्धतीने तपासतात. दर मिलिलिटरमधील प्रमाणाबरोबर दर मिनिटाला स्रवणारे प्रमाणही काढतात. हिरडीतून रक्त येत असल्यास रक्तातील आयजीजी मिसळते, म्हणून लालसर नमुना बाद करतात.

निदानातील स्थान : विशिष्ट जंतूविरुद्धचे प्रतिपिंड शोधण्यास तोंडातील द्रव उपयुक्त आहे. हिरडीवरून काडी फिरवून घरीच करायच्या एचआयव्ही चाचणीला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. तिचा निकाल सकारात्मक आल्यास प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी करून खात्री करावी लागते. दाताच्या गळवाचे निदान मात्र प्रत्यक्ष तपासणी व क्ष-किरण चित्रानेच होते. लाळेतील प्रतिपिंडांची मोजणी त्याची जागा घेत नाही.